कोजागरीला आधी गच्चीवरचे दिवे घालवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोजागरी जवळ आली की सगळ्याच वृत्तपत्रांत दोन गोष्टी हमखास छापून येतात: मसाला दुधाची कृती आणि ‘सुपरमून’ची, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आलेल्या पूर्णचंद्राची, बातमी. सोसायटीच्या फळ्यावर तिसरी लागते, ती गच्चीवरच्या कार्यक्रमाची: ध्वनिक्षेपक, हॅलोजन, हाऊजी, दूध रात्री साडेदहाला. या सगळ्यात चंद्राची अडचण कुणालाच होत नाही, कारण त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. निव्वळ आकाशातली एक वस्तू बघत जागायचे, अशी रात्र आपल्या वर्षभराच्या सणांत हीच. ती नीट साधायची असेल तर प्रकाश आणि वेळ या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली वाचकांच्या हातात आहे, दुसरी बरीचशी आपल्या. म्हणून हे पत्र, थोडे लांबलेले.

आधी प्रकाश. निरभ्र रात्री माथ्यावर आलेला पूर्णचंद्र जमिनीवर साधारण पाव लक्स प्रकाश टाकतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप). सूर्याचा प्रकाश याच्या सुमारे चार लाख पट. आता गच्चीवरचा साधा नऊ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. तो एकूण साधारण 900 ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे माप) देतो, म्हणजे तीन मीटरवर आठ लक्सच्या आसपास. चंद्राच्या तीस पट! या बल्बचा उजेड चांदण्याइतका मंद व्हायला हवा असेल तर तो सतरा मीटर लांब न्यावा लागेल, म्हणजे पाच मजले खाली. हॅलोजनचे तर बोलायलाच नको. गच्चीवर एक जरी दिवा चालू असला तरी तिथे चांदणे पडलेले दिसणार नाही; आकाशात एक पांढरी चकती तेवढी दिसेल.

उपाय फुकटचा आहे. कार्यक्रमाची जागा पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या अशा बाजूला ठेवा, की रस्त्यावरचे दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत. जिन्यातला एक दिवा सुरक्षिततेसाठी चालू राहू द्या, पण त्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर बांधा (एका पदराने भागत नाही, आणि गरम होणाऱ्या जुन्या बल्बवर हा उद्योग करू नये). बॅटरीच्या काचेवरही तोच कागद रबरबँडने. मुले धावणार असतील तर कठड्यालगत खुर्च्यांची रांग लावून घ्या. मग बाकीचे सगळे दिवे बंद. मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा डोळ्यांवर आला की ही मेहनत बरीचशी वाया जाते. दिवे घालवून पाचच मिनिटांत ‘काही विशेष नाही’ म्हणणाऱ्यांची चूक एवढीच, की ते पंधरा मिनिटे लवकर उठले.

अर्ध्या तासानंतर चंद्राकडे नाही, खाली पाहा. खरी गंमत तिथे आहे. आकाशातला सूर्याचा आणि चंद्राचा आकार जवळपास सारखाच, साधारण अर्धा अंश. त्यामुळे चांदण्यात पडणारी पानांची सावली उन्हातल्या सावलीइतकीच रेखीव असते. मीटरभर उंचीवरच्या पानाच्या सावलीची कड दोन्हींत सारखीच, नऊ मिलिमीटर पुसट. आणि ती एकच असते. चार खांबांच्या दिव्यांखाली माणसाच्या चार सावल्या पडतात, चांदण्यात एकच, काळीभोर. उन्हासारख्या रेखीव सावल्या, पण रंग जवळजवळ कुठेच नाहीत. दुपारचे ओळखीचे अंगण तेच असून परके वाटते ते यामुळे. चांदण्यात मन हळवे होते असे आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या परकेपणाचा असावा असे आम्हांला वाटते.

रंगांचे काय होते ते पाहायला पूजेचे तबक पुरते. कुंकू आणि हळद शेजारी शेजारी ठेवा. दिव्यात कुंकू उठून दिसते. चांदण्यात डोळा सरावला की कुंकू जवळपास काळे पडते आणि हळद पांढुरकी होते. डोळ्यातल्या मंद प्रकाशाच्या पेशींना तांबडा रंग दिसत नाही, निळ्या-हिरव्याकडचा मात्र चांगला जाणवतो. चांदणे निळसर वाटते तेही याच कारणाने. प्रत्यक्षात चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळाच असतो. जाता जाता आपले वृत्तपत्रही उघडून पाहावे. मथळे वाचता येतात, बातम्या नाहीत.

आता वेळ. इथे तक्रार आहे. ‘आज कोजागरी, आज चंद्र पूर्ण’ असे सरसकट छापले जाते. पंचांगातली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ. पौर्णिमा 168 अंशांना लागते आणि 180 अंशांना संपते. म्हणजे पौर्णिमा संपण्याचा क्षण हाच चंद्र पूर्ण होण्याचा क्षण. तो पंचांगात मिनिटासह दिलेला असतो, फक्त त्याकडे कुणी त्या दृष्टीने पाहत नाही. कोजागरी मात्र ज्या मध्यरात्री पौर्णिमा असेल त्या रात्री धरतात, त्यामुळे ती रात्र आणि हा क्षण यांत बरेच अंतर पडू शकते. 2023 मध्ये 28 ऑक्टोबरच्या रात्री दोन्ही जुळून आले होते. पूर्णचंद्राचा क्षण मध्यरात्रीनंतर दोनच्या थोडा आधी होता आणि त्याच सुमारास खंडग्रास चंद्रग्रहणही झाले. 2024 ला कोजागरी 16 ऑक्टोबरला झाली, चंद्र पूर्ण झाला 17 तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्या वर्षी खरा पूर्णचंद्र उगवताना पाहायचा तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर जायला हवे होते, आणि तोपर्यंत सगळ्यांनी सतरंज्या गुंडाळल्या होत्या. 2025 ला कोजागरी 6 ऑक्टोबरला आणि पूर्णचंद्राचा क्षण 7 तारखेच्या सकाळी सव्वानऊच्या आसपास, चंद्र मावळल्यावर.

एवढ्याने काय बिघडते? आकारात काहीच नाही. सतरा तास आधीही चंद्र 99 टक्क्यांहून अधिक उजळलेला असतो आणि डोळ्याला गोलच दिसतो. पण प्रकाशात तेवढ्यानेच सुमारे पाचव्या हिश्श्याची घट होते. चंद्रावरची धूळ आणि दगड सूर्य ऐन आपल्या पाठीमागून आला की स्वतःच्या सावल्या झाकून टाकतात, म्हणून पौर्णिमेच्या क्षणाजवळ चंद्र एकाएकी उजळतो. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश याच कारणाने पूर्णचंद्राच्या निम्मा नसतो, जेमतेम अकरावा हिस्सा असतो.

चंद्रोदयाच्या वेळेचाही असाच घोळ. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून अधिक फरक आहे, तेव्हा नागपुरात चंद्र मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. पुणे-मुंबईत चार मिनिटांचा फरक. सगळ्या आवृत्त्यांना एकच वेळ छापली की विदर्भातला वाचक गच्चीवर पोचेपर्यंत चंद्र सहा अंश वर आलेला असतो. शिवाय छापलेली वेळ सपाट क्षितिजाची. पूर्वेला पाच अंश उंचीचा डोंगर असला तर वीस मिनिटे उशीर. साठ मीटरवर सहामजली इमारत असली तर सव्वा तास. मोकळ्या माळावरसुद्धा पहिली आठ-दहा मिनिटे तो धुरकट हवेत हरवलेला असतो. मग एकदम तांबूस, खालून थोडा चपटा असा दिसू लागतो. क्षितिजालगतच्या हवेने किरण वाकतात, खालच्या कडेचे वरच्यापेक्षा जास्त, म्हणून हा चपटेपणा.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पूर्वेकडे दहा मिनिटे आधीच उभे राहावे. सूर्य मावळला की पूर्व क्षितिजावर करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा चढू लागतो आणि त्याच्यावर गुलाबी किनार असते. तो पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली आपल्या पृथ्वीची सावली. चंद्र तिच्यातून वर येतो. हे दृश्य पंधरा-वीस मिनिटे टिकते आणि आमच्या मते वर्षातल्या कुठल्याही रोषणाईपेक्षा देखणे आहे. पण त्या वेळी बहुतेक जण दूध आणायला गेलेले असतात.

‘सुपरमून’बद्दल थोडक्यात. हा शब्द 1979 मध्ये एका अमेरिकी ज्योतिषाने रूढ केला, खगोलशास्त्रज्ञांनी नाही. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे 3 लाख 56 हजार ते 4 लाख 6 हजार किलोमीटर एवढे कमी-जास्त होते. बातम्यांतला ‘14 टक्के मोठा’ हा आकडा सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या पूर्णचंद्रांची तुलना करून येतो. नेहमीच्या पौर्णिमेशी ताडला तर फरक सात टक्क्यांच्या आसपास, आणि शेजारी दुसरा चंद्र टांगलेला नसल्याने तो नुसत्या डोळ्याला कळत नाही. उगवता चंद्र अवाढव्य दिसतो तो दर पौर्णिमेला, आणि तो निव्वळ आपल्या मेंदूचा खेळ. माथ्यावरचा चंद्र उलट दीड टक्का मोठा असतो, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या त्रिज्येइतके त्याच्या जवळ असतो. कार्यालयातल्या पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा, कागद हात लांब करून धरा आणि त्यातून चंद्र पाहा, उगवताना एकदा आणि मध्यरात्री एकदा. दोन्ही वेळा तो त्या सहा मिलिमीटरच्या भोकात सारखाच मावतो. एप्रिलमधल्या ‘गुलाबी चंद्रा’च्या बातम्या तर कृपया बंदच कराव्यात. ते नाव उत्तर अमेरिकेतल्या एका रानफुलावरून आले आहे, चंद्राच्या रंगावरून नाही. आपल्याकडे ती चैत्री पौर्णिमा, आणि त्या दिवशी चंद्र नेहमीसारखाच असतो.

दुर्बीण असेल तर एक गैरसमज आधी काढून टाकावा लागेल. पौर्णिमेला चंद्रावरची विवरे नीट दिसत नाहीत, कारण ऊन समोरून पडते आणि सावल्याच नसतात. विवरे पाहायला सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ. पौर्णिमेला पाहायचे ते डाग आणि रेषा. 7×50 किंवा 10×50 ची (पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा) दुर्बीण घेऊन कोपरे कठड्यावर टेकवा. टायको नावाच्या 85 किलोमीटर रुंदीच्या विवरापासून पांढऱ्या रेषा चंद्राच्या अर्ध्या अंगावर पसरलेल्या दिसतील. एवढ्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, पण दुर्बिणीतला डोळा पुढची वीस मिनिटे अंधारात निरुपयोगी होतो.

ससा शोधायला दुर्बीण लागत नाही. तो म्हणजे तीन अब्ज वर्षांहूनही जुन्या लाव्ह्याची काळी मैदाने. आपल्याकडे चंद्र उगवतो तेव्हा सशाचे कान वरच्या बाजूला असतात, आणि तिथेच वर एक सुटा लंबगोल ठिपका दिसतो, मेअर क्रायसिअम. कानांखालचे डोके म्हणजे मेअर ट्रँक्विलिटॅटिस, जिथे 1969 च्या जुलैत अपोलो 11 उतरले. पहाटे पश्चिमेला चंद्र खाली जाताना ससा डोक्यावर उलटा झालेला असतो. चंद्र फिरलेला नसतो, आपण पूर्वेऐवजी पश्चिमेला तोंड केलेले असते. चांद्रयान-3 चा ‘विक्रम’ लँडर 23 ऑगस्ट 2023 ला जिथे उतरला ती जागा 69 अंश दक्षिणेला, म्हणजे उगवत्या चंद्राच्या उजव्या कडेजवळ. मुलांना एवढे बोटाने दाखवता आले तरी पुष्कळ झाले.

दुधाची कृती आपण छापताच, तरी दोन-तीन गोष्टी त्यात नेहमी राहून जातात. दहा जणांना दोन लिटर म्हशीचे दूध दीड लिटरपर्यंत आटवावे. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. पातेले आधी पाण्याने विसळून ओलेच ठेवले तर दूध तळाला लागण्याचा संभव कमी. साखर दीडशे ग्रॅम, शेवटी. पंधरा-वीस केशरकाड्या वाटीभर नाही, दोनच चमचे कोमट दुधात वीस मिनिटे खलून ठेवाव्यात. आठ वेलदोडे. जायफळ पाव चमचा, त्याहून जास्त झाले की दूध कडवट होते. बदाम-पिस्त्यांची पूड लवकर घातली तर दूध पिठूळ होते, म्हणून तीही उतरवतानाच, चारोळी वरून.

पण दुधात चंद्र पाहायचा असेल तर चारोळी-बदाम घालण्याआधी आणि साय धरण्याआधी पाहावा लागतो, आणि मध्यरात्री तर मुळीच नाही. कोजागरीला मध्यरात्री चंद्र जवळपास माथ्यावर असतो. त्याचे प्रतिबिंब पाहायला पातेल्यावर वाकावे लागते आणि आपल्याच डोक्याची सावली दुधात पडते. शिवाय सरळ वरून आलेल्या प्रकाशातला फक्त दोन टक्के भाग दुधाचा पृष्ठभाग आरशासारखा परतवतो. चंद्र वीस अंशांवर असताना हाच भाग तेरा टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा चंद्रोदयानंतर सुमारे दीड तासाने, पसरट भांड्यात गाळलेले दूध घेऊन, भांड्याच्या पश्चिमेला बसून पूर्वेकडे पाहावे. भांडे हलू द्यायचे नाही. मध्यरात्रीच्या नैवेद्याला वाटीभर दूध वेगळे उघड्यावर ठेवावे, वरून पातळ मलमल. बाकीचे दूध झाकून कढतच ठेवावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोमट दूध दोन तासांवर उघडे राहिले तर ते पोटाला बाधू शकते, आणि दोष चंद्रावर जातो.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात समुद्रावर कोजागरी करणाऱ्यांनी मात्र भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाऊ नये. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, आणि मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पुरी होते. पुढे दर तिथीला ती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. संध्याकाळी सहाला ओहोटी, वाळू लांबवर उघडी. तिथेच सतरंजी टाकून बसणारा माणूस बाराला पाण्यात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावे. सुकती असताना पायी गेलेल्यांची परतीची वाट दोन-तीन तासांत बुडते. सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे दुसऱ्या दिवशीही बेफिकीर राहू नये.

छायाचित्रांबद्दल फार लिहीत नाही. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगातून चंद्राची रुंदी चौकटीच्या दीडशेव्या भागाइतकी येते, चार हजार पिक्सेलांत जेमतेम सत्तावीस. त्यातून डाग दिसले तर ते फोनने आपणहून भरलेले असू शकतात; काही फोन तसे करतात. कॅमेऱ्याला लांब भिंग असेल तर आयएसओ 100, एफ 8 आणि एक अडीचशेवा सेकंद इथून सुरुवात करावी. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला डांबराच्या रस्त्याइतका गडद खडक. रात्र समजून जास्त वेळ दिला की पांढरा ठिपका मिळतो. देवळाच्या कळसामागे मोठा चंद्र हवा असेल तर हिशेब 110 पटींचा. दहा मीटर उंचीचे शिखर अकराशे मीटरवरून टिपले की चंद्राएवढे दिसते. देऊळ आणि चंद्र दोन्ही नीट यायला आदल्या दिवशीची, चतुर्दशीची संध्याकाळ चांगली. तेव्हा चंद्र सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो आणि जमिनीवरही उजेड असतो.

आणि कोजागरीला ढग आलेच तर? मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. ज्या वर्षी कोजागरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते त्या वर्षी निम्मी रात्र ढगांत जाऊ शकते. अधिक मासामुळे ती महिनाअखेरीकडे सरकली की आकाश बहुधा स्वच्छ. पातळ, उंच ढग असले तर उलट लाभ आहे: बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांमुळे चंद्राभोवती 22 अंश त्रिज्येचे मोठे खळे पडते. आमचे स्पष्ट मत विचाराल तर चांदण्यासाठी कोजागरीपेक्षा मार्गशीर्षातली दत्तजयंतीची पौर्णिमा सरस. त्या रात्री पूर्णचंद्र वर्षातल्या सर्वांत उंच मार्गाने, अगदी डोक्यावरून जातो, तेरा तासांहून अधिक काळ आकाशात असतो आणि हवाही कोरडी. वटपौर्णिमेचा चंद्र याच्या नेमका उलट, दक्षिणेकडून खालून निघून जातो, आणि बहुधा ढगांआडून.

आपल्याला विनंती एवढीच. रोजच्या पंचांगाच्या चौकटीत प्रत्येक पौर्णिमेला चार ओळी वाढवाव्यात: त्या त्या आवृत्तीच्या शहराचा चंद्रोदय आणि सूर्यास्त, पौर्णिमा संपण्याची वेळ ‘पूर्णचंद्राचा क्षण’ अशा नावाने, चंद्राचे त्या रात्रीचे अंतर किलोमीटरमध्ये, आणि किनारपट्टीच्या आवृत्त्यांत मध्यरात्रीच्या भरतीची वेळ व उंची. ही माहिती पंचांगांत आणि भरतीच्या तक्त्यांत वर्षभर आधी तयार असते. कोजागरीच्या आदल्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर, दुधाच्या कृतीच्या वर, रात्री आठ ते दहा गच्चीवरचे दिवे बंद ठेवण्याची सूचना ठळक टाइपात छापावी. आठ ते दहा अशासाठी, की तोवर चंद्र इमारतींच्या वर आलेला असतो आणि मुले अजून जागी असतात.

आपले,
आकाशनिरीक्षणाची आवड असलेले काही वाचक
पुणे